विमान महाराष्ट्रात आलं तरी नोकरी कोणाच्या घरात जाणार?



ऑक्टोबर 2022 आठवा. टाटा आणि एअरबसचा सी-295 विमानांचा कारखाना गुजरातमध्ये वडोदऱ्याला जाणार हे जाहीर झालं आणि महाराष्ट्रात एकच गदारोळ उठला. नागपूरच्या मिहानमध्ये यायला हवा होता, गुजरातने पळवला, महाराष्ट्राच्या तोंडचा घास काढला! सगळे पक्ष एकमेकांकडे बोटं दाखवत होते. आपल्या मुखेड-नांदेडच्या पोरांनीही तेच स्टेटस ठेवले, तेच व्हिडिओ फिरवले.

मला तेव्हाही एकच प्रश्न पडला होता आणि तो आजही कोणी विचारत नाही. तो कारखाना नागपूरला आला असता तर मुखेडच्या आयटीआयमधून फिटर होऊन बाहेर पडलेल्या बौद्ध, मातंग, वडार, बंजारा, धनगर पोराला तिथे कोणत्या हक्काने नोकरी मिळाली असती?

उत्तर आहे, कोणत्याच हक्काने नाही. मालकाची मर्जी झाली तर, आणि ठेकेदाराची ओळख असली तर. कारण तो कारखाना खासगी आहे आणि घटनेचं कलम 16(4) खासगी कारखान्याच्या गेटबाहेर उभं राहतं.

सप्टेंबर 2021 मध्ये केंद्र सरकारने 56 सी-295 विमानांचा सुमारे 21,935 कोटींचा करार केला. 16 विमानं स्पेनमधून तयार होऊन येणार आणि 40 वडोदऱ्यात बनणार. भारतात एका खासगी कंपनीने अख्खं लष्करी विमान बनवण्याची ही पहिलीच वेळ. म्हणजे त्या दिवशी दोन गोष्टी झाल्या होत्या. एक, कारखाना महाराष्ट्राबाहेर गेला. दोन, लष्करी विमानाचं काम सार्वजनिक क्षेत्राबाहेर गेलं. पहिल्या गोष्टीवर प्रस्थापितांनी छाती बडवली, कारण त्यांचा जीव जमीन, ठेके आणि श्रेय यांच्यात अडकलेला असतो. दुसऱ्या गोष्टीवर सगळे गप्प, कारण तिथे नुकसान आपलं होतं.

ओझरचा कारखाना कोणाचा होता?

नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, म्हणजे एचएएलचा कारखाना 1964 मध्ये सुरू झाला. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते आणि नाशिकमधून लोकसभेवर गेले होते. रशियन मिग-21 तिथे बनलं, पुढे मिग-27 आणि मग सुखोई-30. आज हवाईदलात सगळ्यात जास्त संख्येने असलेलं लढाऊ विमान सुखोई आहे आणि त्यातली दोनशेहून अधिक विमानं ओझरमध्ये जोडली गेली. डिसेंबर 2024 मध्ये आणखी 12 सुखोईंचा सुमारे 13,500 कोटींचा करार झाला, तेही ओझरलाच बनणार. 17 ऑक्टोबर 2025 ला तिथे तेजस मार्क-1ए ची उत्पादन लाईन सुरू झाली आणि ओझरमध्ये बनलेलं पहिलं तेजस आकाशात गेलं.

एचएएल केंद्र सरकारचा उपक्रम आहे. तिथे रोस्टर आहे. अखिल भारतीय भरतीत अनुसूचित जातींना 15 टक्के, जमातींना साडेसात टक्के, ओबीसींना 27 टक्के जागा आहेत. स्थानिक पातळीवर भरल्या जाणाऱ्या क आणि ड गटात हे आकडे राज्याच्या लोकसंख्येप्रमाणे बदलतात, पण रोस्टर सुटत नाही. ज्याचा बाप सालगडी होता तो माणूस या रोस्टरमुळे लढाऊ विमानाच्या पंखावर रिव्हेट मारायला लागला. त्याच्या पोरीने टाऊनशिपच्या शाळेत शिकून इंजिनिअरिंग केलं.

आणि ज्यांना मेरिटचा फार पुळका आहे त्यांना विचारा, रोस्टर लागू असलेल्या कारखान्यात जोडलेल्या त्याच सुखोईवर आज देशाच्या हवाई सुरक्षेचा सगळ्यात मोठा भार आहे ना? आरक्षणातून आलेल्या कामगाराने घट्ट केलेला नट हवेत सैल झाला असं कोणी दाखवावं.

विमान कसं निवडतात?

आपल्या पोरांना वाटतं, जे विमान सगळ्यात वेगवान, ज्याचं रडार सगळ्यात लांबचं बघतं, ते देश विकत घेतो. यूट्यूबवर राफेल विरुद्ध एफ-16 असे व्हिडिओ बघून हा समज होतो. पण विमान निवडणं म्हणजे पुढच्या चाळीस वर्षांसाठी कोणाच्या दारात उभं राहायचं हे ठरवणं आहे. सुटे भाग कोण देणार, इंजिन कोण देणार, क्षेपणास्त्र कोणाचं बसणार, दुरुस्ती कुठे होणार, हे सगळं त्यात येतं. तुर्कस्तानने रशियाची एस-400 यंत्रणा घेतली म्हणून अमेरिकेने 2019 मध्ये त्याला एफ-35 च्या कार्यक्रमातून बाहेर काढलं. आपलं तेजस 'स्वदेशी' आहे, पण त्याचं इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचं. इंजिनं वेळेवर आली नाहीत म्हणून तेजसही रखडलं.

बाबासाहेबांना हे 1951 मध्ये दिसत होतं. मंत्रिमंडळाचा राजीनामा दिल्यावर त्यांना सभागृहात निवेदन करू दिलं नाही, तेव्हा 10 ऑक्टोबर 1951 ला त्यांनी ते बाहेर प्रसिद्ध केलं. हिंदू कोड बिलामुळे ते निवेदन सगळ्यांना माहीत आहे. पण त्यात त्यांनी हिशेबही मांडला होता. देशाचा वर्षाचा महसूल सुमारे 350 कोटी आणि त्यातले सुमारे 180 कोटी सैन्यावर. हा खर्च परराष्ट्र धोरणाचं फळ आहे, आपण मित्र मिळवले नाहीत म्हणून हा भार अंगावर आला, असा त्यांचा मुद्दा होता. आज प्रमाण तेवढं नाही. 2025-26 च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला 6.81 लाख कोटी आहेत, म्हणजे एकूण खर्चाच्या 13 टक्क्यांच्या वर. पण संरक्षणाच्या पैशाचा हिशेब मागणं म्हणजे देशद्रोह नाही, हे देशाच्या पहिल्या कायदामंत्र्याने दाखवून दिलेलं आहे.

आता राफेल घ्या. 2007 मध्ये 126 विमानांची निविदा निघाली. सहा विमानं स्पर्धेत होती: राफेल, युरोफायटर टायफून, एफ-16, एफ-18, मिग-35 आणि ग्रिपेन. चाचण्या झाल्या, 2011 मध्ये राफेल आणि टायफून उरले, जानेवारी 2012 मध्ये राफेल निवडलं गेलं. ठरलं असं होतं की 18 विमानं फ्रान्समधून तयार येतील आणि 108 एचएएलमध्ये बनतील. किंमत आणि जबाबदारी यावर घासाघीस चालू होती, काँग्रेसच्या काळात करार झालाच नाही. एप्रिल 2015 मध्ये पंतप्रधान मोदींनी पॅरिसमध्ये जाऊन 36 विमानं तयार घेणार असं जाहीर केलं. सप्टेंबर 2016 मध्ये सुमारे 59 हजार कोटींचा करार झाला. भारतात 108 विमानं बनण्याची गोष्ट तिथेच संपली.

त्या करारात अट होती की किमतीच्या अर्ध्या रकमेएवढं काम फ्रेंच कंपन्यांनी भारतात द्यायचं. त्यातून ऑक्टोबर 2017 मध्ये मिहानमध्ये दसॉ आणि अनिल अंबानींच्या रिलायन्सच्या संयुक्त कंपनीची पायाभरणी झाली. भ्रष्टाचार झाला का यावर देशभर वाद झाला, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये चौकशीच्या याचिका फेटाळल्या आणि नोव्हेंबर 2019 मध्ये पुनर्विचारही नाकारला. तो वाद मी उकरत नाही. माझा वाद वेगळा आहे. न्यायालयापुढे किमतीचा प्रश्न गेला, प्रक्रियेचा गेला, भागीदार निवडण्याचाही गेला. 108 विमानांच्या कामाबरोबर रोस्टरच्या किती जागा गेल्या, हा प्रश्न कोणीच नेला नाही. ना विरोधी पक्षाने, ना आपल्या राखीव मतदारसंघांतून निवडून गेलेल्या खासदारांनी.

59 हजार कोटींची दुसरी गोष्ट

हा आकडा लक्षात ठेवा. 23 डिसेंबर 2020 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षांचे 59,048 कोटी मंजूर केले. त्यात केंद्राचे 35,534 कोटी, बाकीचे राज्यांचे. लाभार्थी चार कोटींहून जास्त विद्यार्थी. म्हणजे 36 विमानांचा करार आणि चार कोटी दलित पोरांचं पाच वर्षांचं शिक्षण, दोन्हीची किंमत जवळपास एकच.

मी असं म्हणत नाही की विमानं घेऊ नका. हवाईदलाला 42 स्क्वाड्रन मंजूर आहेत आणि सप्टेंबर 2025 मध्ये मिग-21 निवृत्त झाल्यावर 29 उरल्या. ही कमतरता खरी आहे. पण राफेलच्या पैशाचा हप्ता कधी 'पोर्टल बंद आहे' म्हणून थांबला का? 'आधार लिंक नाही' म्हणून दसॉ कंपनीला परत पाठवलं का? आपल्याकडे पोरगं पदवी घेऊन बाहेर पडतं तरी दुसऱ्या वर्षाची शिष्यवृत्ती खात्यावर आलेली नसते. फी भरली नाही म्हणून कागदपत्रं अडकतात आणि कागदपत्रं नाहीत म्हणून भरती हुकते. विमानाचं वेळापत्रक पाळणारं सरकार हेच आहे आणि शिष्यवृत्तीचं न पाळणारंही हेच आहे. मग पैसा नाही म्हणता येत नाही, इच्छा नाही म्हणावं लागतं.

"एचएएल कामचुकार आहे, खासगीच बरं"

हा युक्तिवाद आपल्या शिकलेल्या पोरांच्या तोंडीही बसलाय, म्हणून त्याला सरळ उत्तर देऊ. एचएएलला उशीर झाला हे खरं आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये 83 तेजसचा सुमारे 48 हजार कोटींचा करार झाला आणि मार्च 2024 पर्यंत पहिलं विमान मिळायला हवं होतं, ते मिळालं नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये बेंगळुरूच्या एरो इंडियात हवाईदल प्रमुख ए. पी. सिंह यांनी एचएएलवर उघड नाराजी दाखवली. काही दोष इंजिनाचा, काही एचएएलचा. तरीही सप्टेंबर 2025 मध्ये आणखी 97 तेजसचा 62 हजार कोटींवरचा करार एचएएलशीच करावा लागला, कारण विमान बनवण्याची कित्येक दशकांची विद्या तिथल्या कामगारांच्या हातात आहे.

आणि खासगीवाले वेळेवर देतात का? गुजरातमधल्या पिपावावच्या खासगी गोदीला 2011 मध्ये नौदलाच्या पाच गस्ती जहाजांचं काम मिळालं. पुढे ती गोदी रिलायन्सकडे गेली. एकही जहाज हातात न येता 2020 मध्ये करार रद्द झाला. तेव्हा कोणी म्हटलं का की खासगी क्षेत्र कामचुकार आहे, आता सगळं सरकारी करा? सरकारी कारखाना चुकला की तो विकायचा, आणि खासगी चुकला की दुसरा खासगी शोधायचा, हा कुठला न्याय?

मे 2025 मध्ये पुढच्या पिढीच्या एएमसीए लढाऊ विमानासाठी नवं मॉडेल मंजूर झालं. सरकारी आणि खासगी कंपन्यांना समान संधी. 'समान संधी' हा शब्द ऐकायला फार गोड आहे. पण एचएएलला रोस्टर पाळायचं आहे, अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून 4 टक्के खरेदी करण्याचं 2012 चं धोरण पाळायचं आहे, माहितीच्या अधिकारात उत्तरं द्यायची आहेत. खासगी कंपनीवर यातलं काही नाही. सामाजिक न्याय ज्याच्या खांद्यावर आहे त्याला ओझं समजायचं आणि ज्याने तो कधी उचललाच नाही त्याला चपळ म्हणायचं, ही यांची समान संधी आहे.

हे फक्त विमानांचं नाही. दारूगोळ्याचे 41 सरकारी कारखाने ऑक्टोबर 2021 मध्ये सात कंपन्यांत वाटले. त्यात खडकी, अंबरनाथ, भुसावळ, वरणगाव, भद्रावती हे महाराष्ट्रातले कारखाने आहेत. कामगारांनी संप करू नये म्हणून त्याच वर्षी वेगळा कायदाही केला. आणि लांब कशाला जाता, आपल्या लातूरची रेल्वे कोच फॅक्टरी बघा. मराठवाड्याला सरकारी कारखाना मिळाला म्हणून 2018 मध्ये ढोल वाजले. जनतेच्या पैशाने शेड उभं राहिलं. आता तिथे वंदे भारतच्या 120 गाड्या बनवण्याचं काम किनेट या कंपनीकडे आहे आणि त्यात मोठा वाटा रशियन कंपनीचा आहे. जमीन आपली, पैसा आपला आणि भरती त्यांची.

विमान कोणासाठी आणि कोणावर?

विमान आलं की ते वापरायचं कोणी ठरवलं आणि त्याचा जाब कोणाला द्यायचा, हाही प्रश्न आहे. 5 मार्च 1966 ला भारतीय हवाईदलाच्या विमानांनी ऐझॉलवर हल्ला केला. मिझो बंड मोडायचं म्हणून आपल्याच देशाच्या आदिवासी शहरावर आपलीच विमानं! सत्ता तेव्हा काँग्रेसची होती. 27 फेब्रुवारी 2019 ला बडगामजवळ आपल्याच क्षेपणास्त्राने आपलं एमआय-17 हेलिकॉप्टर पडलं. हवाईदलाचे सहा जण गेले, त्यात नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते, आणि खाली एक नागरिक गेला. ही आपलीच चूक होती हे हवाईदल प्रमुखांनी ऑक्टोबर 2019 मध्ये सांगितलं. मधल्या काळात बालाकोटच्या नावावर लोकसभेची निवडणूक होऊन गेली होती. सैनिकाच्या मरणाचं सत्य निवडणुकीनंतर येतं, हे लोकशाहीला शोभत नाही.

आणि ऑगस्ट 2025 मध्ये आपल्या तालुक्यात काय झालं? ढगफुटीसारखा पाऊस, लेंडी धरणाचं पाणी, रावणगाव-हसनाळ पाण्यात, हसनाळमध्ये माणसं गेली. लष्कराची तुकडी छत्रपती संभाजीनगरहून बोलवावी लागली. अशा रात्री गावाला राफेल नको असतं, दोर सोडणारं हेलिकॉप्टर आणि जवळ असलेलं बचाव पथक हवं असतं. देशाची सुरक्षा म्हणजे फक्त सीमा नाही, हसनाळच्या घराचं छप्परही त्यातच येतं.

आपल्यातल्यांचंही ऐका

आपल्यातले काही म्हणतात, आपण बुद्धाची लेकरं, आपल्याला लढाऊ विमानांशी काय देणंघेणं? मित्रांनो, बाबासाहेबांनी पाकिस्तानवरच्या ग्रंथात संरक्षणावर पानंच्या पानं खर्च केली आणि सैन्यात कोण आहे हा प्रश्न सीमा कुठे आहे याइतकाच महत्त्वाचा मानला. 1941 मध्ये ते व्हाईसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. बंद पडलेली महारांची लष्करभरती त्यांनी लढून सुरू करायला लावली आणि त्याच वर्षी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. ऑक्टोबर 1942 मध्ये व्हाईसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी आपल्या मुलांना विज्ञान आणि तंत्र शिकायला शिष्यवृत्त्या मागितल्या. 1943 मध्ये सरकारी नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी 8.33 टक्के जागा मिळवल्या. महायुद्ध पेटलेलं असताना! 'आत्ता युद्ध चालू आहे, जातीचं नंतर बघू' असं त्यांनी म्हटलं नाही. आणि 1947 च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या मसुद्यात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत हे त्यांनी घटनेतच लिहायला सांगितलं.

त्याच 1941 मध्ये अमेरिकेत काय घडत होतं बघा. विमानांचे कारखाने भरभरून चालले होते आणि काळ्या कामगारांना दारातून परत पाठवत होते. कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला. 25 जून 1941 ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टला आदेश काढावा लागला की संरक्षण उद्योगात वंशावरून भेदभाव चालणार नाही. ते कारखाने खासगीच होते! 1965 च्या आदेशाने तर सरकारी ठेका घेणाऱ्या कंपन्यांना भरतीत वंचितांसाठी खास पावलं उचलणं बंधनकारक झालं. बोइंग, लॉकहीड सगळ्यांना ते पाळावं लागलं. जानेवारी 2025 मध्ये ट्रम्पने तो आदेश एका सहीने रद्द केला. त्यातून आपण दोन धडे घ्यायचे. खासगी कंपनीवर अट घालता येते. आणि आदेशाने मिळालेलं आदेशाने जातं, म्हणून मागणी कायद्याचीच करायची.

लढाऊ विमानाला गिऱ्हाईक एकच असतं, सरकार. बाजारात जाऊन कोणी तेजस घेत नाही. पैसा जनतेचा, त्यात मुखेडच्या बाजारात साबण आणि बिस्किटाचा पुडा घेणाऱ्या ऊसतोड बाईचा जीएसटीही आला. धावपट्टी सरकारची, तंत्रज्ञान डीआरडीओचं, वैमानिक हवाईदलाचा. मग यात खासगी काय उरलं? नफा आणि भरती, एवढंच! महाराष्ट्राच्या 2001 च्या आरक्षण कायद्याच्या व्याख्येत सवलतीची सरकारी जमीन किंवा आर्थिक सवलत घेणारे उद्योगही येतात. म्हणजे हा विचार नवा नाही, कागदावर आहेच. तो वापरायची हिंमत कोणत्या सरकारला झालेली नाही.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात:

1. जनतेच्या पैशातून होणाऱ्या प्रत्येक संरक्षण करारात, कंपनी सरकारी असो की खासगी, आरक्षणाची अट घालणारा केंद्रीय कायदा करा.

2. एचएएल आणि दारूगोळा कारखान्यांतला अनुशेष भरा. ठेकेदारामार्फत कायमस्वरूपी कामं करून घेऊन रोस्टर चुकवणं बंद करा.

3. अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून 4 टक्के खरेदीची अट टाटा, अंबानी, अदानी सगळ्यांच्या संरक्षण ठेक्यांना लावा.

4. शिष्यवृत्तीचा पैसा त्याच शैक्षणिक वर्षात द्या.

आणि मागण्या करून घरी बसायचं नाही. मुखेड, कंधार, देगलूर, उदगीर, अहमदपूरच्या प्रत्येक आयटीआयमधल्या आपल्या पोरा-पोरींनी एचएएलच्या अप्रेंटिस भरतीच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या आणि चार वर्षांच्या अग्निवीरसाठी रक्त आटवणाऱ्या पोरांना हा दुसरा दरवाजाही दाखवा. एचएएलला माहितीचा अधिकार लागू आहे. दहा रुपयांत अर्ज होतो. ओझरमध्ये कायम कामगार किती, त्यात कोणत्या प्रवर्गाचे किती, ठेकेदाराकडचे किती, अनुशेष किती, एवढे चारच प्रश्न विचारा. एकाने नको, शंभर जणांनी विचारा. उत्तर आलं की ते घेऊन आपल्या खासदाराच्या दारात जा आणि विचारा, पुढचा विमानाचा कारखाना महाराष्ट्रात आणायचं म्हणता ना साहेब, मग त्यात आमचं रोस्टर कुठं आहे ते आधी दाखवा.

जय भीम! जय संविधान!